अकरा वेळा अपूर्ण

आमच्या क्लबच्या फळ्यावर माझ्या नावापुढे अकरा वेळा ‘अपूर्ण’ असं लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याचं अक्षर सुरेख आहे, ही त्यातली एकमेव समाधानाची बाजू.

क्लब म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांचा क्लब. ‘रिमोटची गाडी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाढदिवसाला मिळणारी आणि दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली मरून पडणारी वस्तू येते. हा गैरसमज मी गेली तीन वर्षं एकहाती दूर करतो आहे. माझा मॉन्स्टर ट्रक हातभर लांब आहे, त्याची चाकं खरबुजाएवढी आहेत आणि त्याला मुठीत मावणारं, पण खरंखुरं इंजिन आहे. ते नायट्रो नावाच्या इंधनावर चालतं, धूर सोडतं, तापतं, रुसतं आणि भर शर्यतीत बंद पडतं. बॅटरीवर गाड्या चालवणारेही आमच्यात आहेत, पण त्यांच्याकडे आम्ही नायट्रोवाले जरा कीव केल्यासारखं बघतो. त्यांच्या गाड्या शर्यत पूर्ण करतात, हा भाग वेगळा.

शर्यत दहा मिनिटांची असते. दहा मिनिटं झाली की भोंगा वाजतो आणि त्यानंतर एका मिनिटाच्या आत चालू फेरी संपवून गाडीने शेवटची रेषा ओलांडायची. ओलांडली तर ‘पूर्ण’, मग पहिले या नाहीतर शेवटचे. माझ्या ट्रकने ही रेषा अकरा वेळा टाळली. एकदा चाक निखळलं. एकदा तो कुंपणाखालून शेजारच्या रोपवाटिकेत शिरला आणि तिथेच रमला. एकदा तर भोंगा वाजल्यावर त्याने रेषा ओलांडलीसुद्धा, पण उलट्या बाजूने. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. दिवसभर लोकांचे अपघात वाचतो, पण इतकी विविधता मला कागदावर कधी सापडलेली नाही.

आणि मग अध्यक्षांचं पत्र आलं. अध्यक्ष निवृत्त न्यायालयीन लघुलेखक आहेत, त्यामुळे त्यांचं साधं पत्रही शिक्षा सुनावल्यासारखं असतं. नियम एकोणीसनुसार, सलग तीन वर्षांत एकही शर्यत पूर्ण न करणाऱ्या सभासदास ‘सहयोगी सभासद’ करण्यात येईल. सहयोगी सभासदाने नारिंगी जाकीट घालून वळणावर उभं राहायचं, इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या आणि चहा प्यायचा. स्वतःची गाडी ट्रॅकवर उतरवायची नाही. कधीच. हंगामातली शेवटची शर्यत दीड महिन्यावर होती. ती पूर्ण झाली तर मी शर्यतपटू, नाहीतर जाकीट.

“मग हळू चालवा की,” बायको म्हणाली. ती शाळेत शिकवते आणि शिवाय बावीस वर्षं परीक्षेच्या हॉलवर देखरेख करते आहे. कोणत्याही प्रश्नाला सर्वांत छोटं उत्तर कोणतं, हे तिला लगेच कळतं.

“अगं, ट्रकमध्ये दम नाही, तो प्रश्न आहे,” मी म्हणालो. “मोठं इंजिन बसवलं की सगळं सुटेल.”

हे वाक्य मी बोललो तेव्हा घरात बायको आणि आई अशा दोन साक्षीदार होत्या, त्यामुळे आता नाकबूल करता येत नाही.

मोठं इंजिन बसवलं. त्याच्या जोराने क्लच पहिल्याच दिवशी जळाला. नवा, दणकट क्लच आणला तर त्याने प्लॅस्टिकच्या गिअरचे दात काढले. लोखंडी गिअर टाकले तर चाकांपर्यंत जाणारे दांडे पीळ पडून वाकले. ते पोलादी केले तेव्हा ट्रक इतका जड झाला की पुढून बसकण मारल्यासारखा दिसायला लागला, म्हणून चारही शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले. मग चाकं वळेनात. वळवणारी छोटी मोटर बदलली तर तिला बॅटरी पुरेना. पाच आठवड्यांनी मी ट्रककडे पाहिलं तेव्हा मूळचं म्हणावं असं त्याच्यात फक्त वरचं प्लॅस्टिकचं कवच उरलं होतं. तेही मी बदलणार होतो, पण बायको म्हणाली, “राहू दे ते. ओळख पटायला काहीतरी लागेल.”

या सगळ्या काळात मला सल्ला कमी पडला असं मात्र कोणी म्हणू नये. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांनी चौतीस वर्षं पेट्रोल पंपाची व्यवस्था सांभाळली, म्हणून अख्खी इमारत त्यांना पंपकाका म्हणते. ते रोज संध्याकाळी आमच्याकडे येत, स्टुलावर बसत आणि ट्रककडे बराच वेळ बघून पहिला प्रश्न विचारत, “मायलेज किती देतो?”

“काका, एक टाकी सात मिनिटं जाते.”

“सात मिनिटं!” ते खिन्न होत. “म्हणजे गाडी आजारी आहे. माझ्या पंपावर असली गाडी आली असती तर मी मालकाला बाजूला घेऊन समजावलं असतं.”

पण शर्यत दहा मिनिटांची आणि टाकी सात मिनिटांची म्हटल्यावर मध्ये एकदा इंधन भरणं आलं, आणि त्यासाठी शर्यतपटूला एक मदतनीस आणावा लागतो. चालक उंच मचाणावर रिमोट घेऊन उभा असतो, तो खाली येऊन टाकी भरू शकत नाही. माझा नेहमीचा मदतनीस ऑफिसातला रोखपाल होता, पण त्या रोपवाटिकेच्या प्रकरणानंतर तो मला जिन्यात टाळतो. मी काकांना विचारलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “इंधन भरायचं ना? मग तुम्ही तिकडे बघूच नका.” चौतीस वर्षांचा अनुभव मला घरबसल्या मिळाला, या कल्पनेने मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

न मुरवताच पळवलेलं ते मोठं इंजिन एव्हाना झिजलं होतं, म्हणून तसंच दुसरं नवं आणलं. आता राहिलं ते मुरवणं. नवं नायट्रो इंजिन आणलं आणि पळवलं असं चालत नाही. सहा टाक्या इंधन अगदी संथ जाळत त्याला सवय लावावी लागते. शिवाय नव्या इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, इतका घट्ट असतो की सुरू करण्याआधी इंजिन बाहेरून गरम करावं लागतं. त्यासाठी जाणकार मंडळी हेअर ड्रायर वापरतात. मी जाणकार आहे आणि हेअर ड्रायर बायकोचा आहे. नायट्रोमध्ये एरंडेल असतं आणि त्याचा वास चिवट असतो, एवढंच मी त्या दिवशी लक्षात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत बायकोला तीन सहशिक्षिकांनी पोटाबद्दल आपुलकीने विचारलं.

पहिली टाकी मी गॅलरीत जाळली. म्हणजे पाव टाकी. तेवढ्यात तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर हातमोज्यांसकट वर आले. ते आमच्या इमारतीचे चिटणीसही आहेत.

“काय चाललंय हे?” ते म्हणाले. “माझा पेशंट खुर्चीतून उठून गेला. तोंडात कापूस तसाच आहे त्याच्या!”

“डॉक्टर, माझं इंजिन इथे आणि पेशंट तिथे—”

“आवाज ऐका जरा! मी मशीन हातात घेतलंही नव्हतं. त्याला वाटलं वरच्या मजल्यावर कोणाचीतरी अक्कलदाढ चालली आहे.”

नीट ऐकल्यावर मलाही ते पटलं. डॉक्टरांनी चिटणीस या नात्याने जाहीर केलं की नगरपालिकेची लेखी परवानगी आणल्याशिवाय इमारतीच्या हद्दीत हे इंजिन वाजणार नाही.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ट्रक काखोटीला मारून नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी ट्रक काउंटरवर ठेवायला सांगितला, एक चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, “हे वाहन आहे, यंत्र आहे की खेळणं?”

“मॉन्स्टर ट्रक आहे,” मी म्हणालो.

“तसा रकाना नाही. वाहन असेल तर परिवहन खात्यात जा, तिथे मागे दिवे लागतात. यंत्र असेल तर कारखाने विभाग, पण ते अधिकारी प्रशिक्षणाला गेलेत. खेळणं असेल तर इथेच होईल.”

तीन वर्षं मी ज्या शब्दाशी लढत होतो तो माझ्याच तोंडून निघावा अशी वेळ आली. मी मागे कोणी ओळखीचं नाही ना बघितलं. “खेळणं लिहा,” मी म्हणालो.

“खेळणाऱ्याचं वय?”

“एक्कावन्न.”

बाईंनी लेखणी थांबवली, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या मनाने आकडा लिहून घेतला. “इंजिनाचं खेळणं आहे, त्यामुळे पालकांची सही लागेल,” त्या म्हणाल्या. “आणि वापर पालकांच्या देखरेखीखाली. हा छापील अर्जच आहे, मी काही बदलू शकत नाही.”

मी अर्ज घरी आणला. माझी आई एकोणऐंशी वर्षांची आहे. तिने चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला आणि ‘माझ्या पाल्याच्या वर्तनाची जबाबदारी मी घेते’ या ओळीशी थांबली.

“सगळ्या वर्तनाची?” तिने विचारलं.

“फक्त ट्रकपुरती गं आई.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून तिने सही केली.

डॉक्टरांनी परवानगी वाचली आणि ‘पालकांच्या देखरेखीखाली’ या शब्दांवर बोट ठेवलं. त्यामुळे पुढचे दोन दिवस मी गच्चीवर इंजिन मुरवत होतो आणि आई शेजारी खुर्ची टाकून लोकर विणत माझ्यावर देखरेख करत होती. आधी तिने मला नाकाला रुमाल बांधायला लावला. मग इंजिन संथ लयीत गुरगुरायला लागलं, ऊन खांद्यावर आलं, आणि आईने लोकर खाली ठेवून विचारलं, “हे पळतं तरी कसं, सांग बघू.” मी तिला दट्ट्या, क्लच, गिअर, सगळं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. सहावी टाकी संपली तेव्हा आम्हा दोघांनाही थोडं वाईट वाटलं.

शर्यतीच्या दिवशी बायको तयार होऊन दाराशी उभी होती. तीन वर्षांत ती कधी मैदानावर आली नव्हती.

“तू येतेस?” मी विचारलं.

“शेवटची असेल कदाचित. म्हटलं, एकदा बघावी.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

मैदानावर पोचलो तर वेगळाच घोळ. आमच्याकडे अशी रीत आहे की एक शर्यत संपली की त्यातल्या सगळ्यांनी पुढच्या शर्यतीत वळणावळणांवर मार्शल म्हणून उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. सगळी वळणं भरल्याशिवाय शर्यत सुरू होत नाही. त्या दिवशी आधीच्या शर्यतीतला एक जण पाय मुरगळून घरी गेला होता आणि शेवटचं वळण रिकामं होतं. ते महत्त्वाचं वळण. मातीच्या उंचवट्याच्या माथ्यावर ते आहे, आणि तिथून पुढे सरळ उतार खाली शेवटच्या रेषेपर्यंत जातो. अध्यक्ष जाकीट हातात धरून प्रेक्षकांत फिरत होते. त्यांना माझी बायको दिसली.

“नियम काय आहेत?” तिने विचारलं. अध्यक्षांनी छापील पत्रक दिलं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं, दोन ठिकाणी खुणा केल्या, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि उंचवट्यावर जाऊन उभी राहिली. माझ्याच घरातलं माणूस माझ्या वळणावर! मला हायसं वाटलं.

सात गाड्या सुटल्या. खोटं कशाला सांगू, पहिली तीन मिनिटं ट्रक स्वप्नात पळावा तसा पळाला. मी तिसरा होतो. चौथ्या मिनिटाला उंचवट्यावर माझी आणि औषधांच्या दुकानदाराची गाडी एकमेकांना थडकली आणि दोन्ही पालथ्या झाल्या. हा दुकानदार क्लबचा चार वेळचा विजेता. बायको धावत आली आणि तिने शांतपणे त्याची गाडी उचलून सरळ ठेवली.

“अगं, माझा! माझा!” मी मचाणावरून ओरडलो.

“ती आधी उलटली होती,” ती वर न बघता म्हणाली. “आणि बोलू नका.”

मग तिने माझा ट्रक सरळ केला. मी सातवा झालो. मचाणावरचे सगळे चालक माझ्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

सहाव्या मिनिटाला ट्रक इंधनासाठी बाजूला घेतला. नायट्रोच्या गाडीत इंधन चालू इंजिनावर भरतात. बाटली दाबायची, झाकण लावायचं, सोडायचं. तीन सेकंद. हे मी काकांना सांगितलं नव्हतं, कारण चौतीस वर्षांच्या अनुभवाला काय सांगायचं? ट्रक काकांपुढे थांबला. काकांनी हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “आधी इंजिन बंद!” आणि धूर सोडणाऱ्या नळीवर बोट दाबून त्यांनी ते बंद केलं.

“काका, नको!” मी किंचाळलो.

“इंधन भरताना इंजिन चालू?” काका खालून म्हणाले. “माझ्या देखत नाही!”

त्यांनी शांतपणे टाकी काठोकाठ भरली. मग खिशातून फडकं काढून ट्रकची पुढची काच स्वच्छ पुसली. ती काच प्लॅस्टिकवर काळ्या रंगाने रंगवलेली आहे. तरी पुसली, दोनदा पुसली. मग मी हातवारे करून दाखवल्यावर इंजिन सुरू केलं आणि ट्रकला हात हलवून निरोप दिला. या पाहुणचारात टाकीचं झाकण उघडंच राहिलं.

ट्रक पळत होता, पण प्रत्येक उड्डाणाला टाकीतून कारंजं उडत होतं. मचाणावर मी मनातल्या मनात थेंब मोजत होतो. भोंगा वाजला. एकेक गाडी रेषा ओलांडून गेली आणि ट्रॅकवर मी एकटा उरलो. शेवटची फेरी, शेवटचा चढ. ट्रक माथ्यावर पोचला, एका खड्ड्यावर उडाला आणि बायकोच्या पायाशी पाठीवर पडला. उघड्या टाकीतलं उरलंसुरलं इंधन मातीत गेलं. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद झालं.

अध्यक्षांच्या हातातल्या घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. काकांनी खाली मान घातली. मी अकराच्या पुढचा आकडा मनात लिहूनही टाकला आणि रिमोट खाली ठेवणार, तेवढ्यात बायको वाकली. तिने ट्रक उचलला, जिथे पडला होता त्याच जागी चाकांवर ठेवला, तोंड उताराकडे केलं आणि दोन्ही हात वर करून एक पाऊल मागे झाली.

“इंजिन बंद आहे!” अध्यक्ष ओरडले.

“नियम आठ,” ती पाठ असल्यासारखी म्हणाली. “वाहन उलटल्यास ते उलटल्या जागी, पुढे तोंड करून, चाकांवर ठेवावे आणि हात काढून घ्यावा. ढकलू नये. इंजिन चालू असावे असं कुठे लिहिलंय, दाखवा.”

अध्यक्षांनी पत्रक उघडलं. ट्रक माथ्यावर उभा होता. तो हलत नव्हता. मग एक चाक ढेकळावरून सरकलं, आणि इतक्या खटाटोपाने आणलेलं ते मोठं इंजिन अंगावर घेऊन ट्रक एक शब्दही न बोलता उतरणीला लागला. चाकं वळवणारी मोटर बॅटरीवर चालते. माझ्या बोटाखाली एवढंच काय ते उरलं होतं. मी दगड चुकवला, डबकं चुकवलं, आणि अध्यक्ष नियम अकरापर्यंत वाचत आले असताना रेषेवरच्या फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राने टुण्ण केलं.

सहा सेकंद बाकी होते. सातपैकी सातवा. पण पूर्ण!

काकांनी मला मिठी मारली. औषधांच्या दुकानदाराने हात मिळवला. अध्यक्षांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि पुढच्या वर्षी नियम आठमध्ये दुरुस्ती होईल, असं जाहीर केलं. मी या सगळ्यांतून सुटून उंचवट्यावर धावलो. बायको अजून जाकीट घालून ताठ उभी होती. मी काहीतरी बोलणार तर तिने हात वर केला. शेवटची शिट्टी होईपर्यंत मार्शलशी बोलायचं नसतं. शिट्टी झाली. तिने जाकिटाची चेन उघडली, तिथेच ढेकळावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “तो आणखी दोन सेकंद हलला नसता ना, तर मी त्याला लाथ घालणार होते.”

मी चटकन मागे वळून पाहिलं. अध्यक्षांनी ऐकलं नव्हतं.